मोसंबीच्या काट्यावर

अंगद तिकडे मक्याचं बियाणं विकतो,
नैरोबीपासून चार तासांवर,
आणि फोनवर म्हणतो, ताई, या एकदाचे सगळे,
मी आहे ना.
आमच्या जालन्यात ‘मी आहे ना’वर
लग्नं जमतात, प्लॉटचे इसार होतात.
पण मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते,
चिठ्ठी नसलेल्या बाटलीचं झाकण उघडत नाही.

म्हणून दिनदर्शिकेचं सरलेलं पान उलटं केलं
आणि लिहायला बसले.
पिवळ्या तापाची लस : मुंबई, निघण्याआधी दहा दिवस तरी.
मलेरियाची गोळी : मोठ्यांना एक, पोरांना वजनावर.
निळा नि काळा कपडा नको,
त्याच्यावर माश्या येतात म्हणे.
रात्री तंबूबाहेर एकट्यानं पाऊल नाही,
लघवीलासुद्धा.
इथं वैजनाथनं पेपरातून मान वर केली,
"मग काय शिट्टी वाजवायची?"
हो. शिट्टीच देतात.

छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, बॅग मऊ, चाकं नकोत.
घरातला काटा मसाल्याचा.
तेव्हा रविवारी बाजार उठल्यावर
आम्ही सगळे रज्जाकभाईंच्या आडतीवर,
मोसंबीच्या मोठ्या काट्यावर
घरदार तोलायला.

आधी बॅगा. मग ओवी, बावीस तीनशे.
तिनं खिशातून एक मोसंबी काढून दिली,
बावीस शंभर.
रज्जाकभाई खडूनं भिंतीवर लिहीत गेले
रोज गोण्यांचे लिहितात तसेच आकडे.
"ताई, सिंह काय वजन पाहून माल उचलतो का?"
हमाल हसले.
एक म्हणाला, जीपमधून उतरूच नका.
एक म्हणाला, त्याच्या डोळ्यात पाहू नका.
सिंह कुणीच पाहिला नव्हता.
शेषरावनं पँट वर करून पोटरी दाखवली,
रानडुकरानं फाडलेली, तुरीच्या रानात, मागच्या पौषात.
"तिकडं डुकरं हायेत का?" त्यानं विचारलं.
मी म्हणाले, लिहून घेते.

मग आई.
चप्पल काढून चढली, देवळाची पायरी चढतात तशी.
अडतीस.
रज्जाकभाईंनी काटा शून्यावर आणला,
तळवा मारून पाहिला.
पुन्हा चढवली.
अडतीस दोनशे.
दिवाळीत सेहेचाळीस होती, दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहे.
ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला,
तिच्या हातची बारीक टीप,
हे मी तेव्हा पाहिलं,
रोज तिच्याच ताटासमोर जेवत असून.

"जेवण जात नाही उन्हाचं," ती म्हणाली.
ऊन अजून पडायचं होतं.

रज्जाकभाईंनी तेवढा एक आकडा
भिंतीवर लिहिला नाही.
परत येताना कुणीतरी ओवीच्या पिशवीत
डझनभर मोसंबी टाकली होती.

घरी आल्यावर मी यादी काढली.
पिवळ्या तापाच्या वर जागा नव्हती,
समासात, उभं लिहिलं :
सोमवार. संभाजीनगर. रिकाम्या पोटी.

आई खुर्चीत पाय वर घेऊन
अंगदनं पाठवलेला जिराफ पाहत होती.
पाणी प्यायला त्यानं पुढचे पाय फाकवले,
जड तिवई उघडावी तसे, अडखळत,
आणि मान खाली, पार खाली.
"आता याला काहीच दिसत नसंल," ती म्हणाली.
"काहून असं एकट्याला सोडलं?"
"एकटा नाही गं. मागं दुसरा उभा राहतो, राखणीला."
"कुठंय?"
"व्हिडिओत नाही आला."

तिनं पहिल्यापासून पुन्हा लावलं.
वरून अंगदचा निरोप घसरत आला,
तिकिटं कधी काढू?
तिनं बोटानं तो बाजूला सारला.
जिराफाची मान अजून खालीच होती.